नदी आधी पाहिली कोणी?

बांगलादेश मुक्तियुद्धातल्या जमालपूरच्या लढाईची गोष्ट आपल्याकडे सांगतात ती चिठ्ठीपासून. ९ डिसेंबर १९७१ रोजी ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी पाकिस्तानी ३१ बलुच पलटणीचे लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांना शरण या म्हणून पत्र पाठवलं. मुक्तिवाहिनीचा जहिरुल हक मुन्शी ते घेऊन गेला. उत्तर आलं त्यात बंदुकीची गोळी होती. १० तारखेच्या रात्री बलुच पलटण ठाण्यातून फुटून निघाली, ती थेट आपल्या १ मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या मोर्च्यांवर येऊन आदळली, रात्रभर रण माजलं आणि ११ डिसेंबरला जमालपूर पडलं. ही गोष्ट मी शाळांमध्ये सांगितली आहे, गणेश मंडळांत सांगितली आहे. गोळी आलेल्या जागी पोरांचे डोळे चमकतात.

पण या गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग चिठ्ठीच्या आधीचा आहे. जमालपूर जुन्या ब्रह्मपुत्रेच्या दक्षिण काठावर. आपली फौज मेघालयातून, म्हणजे उत्तरेकडून उतरली होती. वाटेतलं कमालपूरचं ठाणं ४ डिसेंबरला हाती आलं, मग बक्षीगंज, मग शेरपूर, आणि पुढे नदी आडवी. असं असून मराठा पलटण लढली ती जमालपूरच्या दक्षिणेला, टांगाइलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शत्रूच्या पाठीशी. लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांची अख्खी पलटण, शेकडो माणसं आणि त्यांचा दारूगोळा नदीपार गेला. गावकऱ्यांच्या नावा कामी आल्या, बैलगाड्या कामी आल्या. पण नाव कुठून सोडायची, गाडीचं चाक कोणत्या वाळूत रुतणार नाही, पाणी कुठे कमरेएवढं आणि कुठे डोक्यावरून, पलीकडचा काठ कुठे चढता येतो, कोणत्या वळणावर शत्रूच्या मशीनगनची नजर पोचत नाही, हे जाऊन पाहिल्याशिवाय कोणताही कमांडर आपली पलटण पाण्यात घालत नाही. डिसेंबरच्या थंडीत, रात्री, मोजकी माणसं पुढे जातात आणि हे पाहून येतात. चिठ्ठी नेणाऱ्याचं नाव आज कोणालाही सापडतं. नदी पाहून आलेल्यांची नावं कोणत्या भाषणात, कोणत्या फलकावर, कोणत्या पाठ्यपुस्तकात आहेत?

मी पायदळातला माणूस. सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि कामठीत घर केलं. १९७१ साली मी शाळेत होतो. पण भरती झाल्यावर ज्या उस्तादांनी मला घडवलं, ते त्या हिवाळ्यातून आलेले होते. कामठी हे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर, आणि जमालपूर घेणाऱ्या क्लेर यांच्या ९५ माउंटन ब्रिगेडमध्ये मराठ्यांच्या जोडीला १३ गार्ड्सही होती. म्हणून ही लढाई नागपूरपासून दूरची नाही. तिची निम्मी आठवण आपल्या शेजारी, कन्हानच्या काठावर, पेन्शनीवर जगते आहे. ती लिहून ठेवा, एवढंच मागण्यासाठी मी हा लेख लिहितो आहे. त्यातही हल्ल्याची आठवण नंतर लिहिली तरी चालेल, आधी गस्तीची लिहा.

गस्त म्हणजे काय, हे ज्यांनी केली नाही त्यांना समजावं म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

आम्ही रंगरुटांना नदीची रेकी शिकवायचो ती कन्हानच्या पात्रात. डिसेंबर-जानेवारीत कन्हान वाळूत पसरलेली असते, मधे दोन-तीन धारा. दिवसा बघाल तर पोरं पाच मिनिटांत पार करून दाखवतील. रात्री अकरानंतर हीच नदी वेगळी होते. निघण्याआधी प्रत्येकाला जागच्या जागी उड्या मारायला लावायच्या. काही वाजलं, खणखणलं, तर तिथेच पट्टीने बांधायचं. पाण्याची बाटली एकतर काठोकाठ भरायची किंवा पुरती रिकामी, कारण अर्धी बाटली चालताना बोलते. खोकला असलेला माणूस, कितीही शूर असो, मागे ठेवायचा. कोरडे मोजे प्लास्टिकमध्ये गुंडाळून छातीशी ठेवायचे. परत येताना पाय बधिर झाले की माणूस बेसावध पाऊल टाकतो, आणि सुरुंगाच्या पट्ट्यात तेवढं एक पाऊल पुरतं.

वाळूवर पोचलं की पहिली वैरीण टिटवी. कन्हानच्या वाळूत टिटव्या जमिनीवर बसतात. त्यांच्या जवळ सरपटत गेलात की एक उडते आणि सगळं पात्र डोक्यावर घेते. नवी पोरं घाबरून पळायला बघतात. उस्ताद सांगायचे, पडून राहा, श्वास मोज, तिचं ओरडणं थांबेपर्यंत हलू नकोस. आणि हेही ध्यानात ठेव की पलीकडच्या काठावर टिटवी ओरडली, तर तिथेही कोणीतरी हललं आहे. मग पाणी. खुणा पाडलेली काठी घेऊन एक जण उतरतो. दर दोन-चार पावलांवर तळ चाचपतो, वाळू आहे, गोटे आहेत की गाळ. एक काटकी सोडून आकडे मोजतो, म्हणजे धारेचा वेग कळतो. बाकीचे काठावर पालथे पडून फक्त ऐकतात. पलीकडे कुदळीचा आवाज आला तर खंदक अजून खोदणं चालू आहे. भांड्याचा आवाज आला तर स्वयंपाक त्याच दिशेला. पहारा किती वाजता बदलतो, बदलताना दोघं बोलतात का, सिगारेटचा ठिपका किती उंचीवर दिसतो, उभ्या माणसाच्या की खंदकात बसलेल्याच्या. थंडीत पहारेकरी पाय आपटतो. त्यावरून जागा धरता येते. आणि हे सगळं एकही गोळी न झाडता. रेकीला गेलेला माणूस गोळी झाडतो तेव्हा तो आपलं काम बिघडवून येतो, कारण शत्रूला कळतं की आपली नजर कोणत्या जागेवर आहे.

बहिर्जी नाईकांचं नाव आपण अभिमानाने घेतो, घ्यायलाच हवं. पण हेर वेषांतर करून माणसांत मिसळतो. पायदळाची गस्त गणवेशात जाते, माणसं टाळत जाते आणि उजाडायच्या आत तिला परत यावंच लागतं. तिची गोष्ट वेगळी आहे आणि ती आपण मराठीत जवळजवळ लिहिलेलीच नाही.

परत आल्यावरचा तास तर आणखी कठीण. माणूस गारठलेला असतो, दातांवर दात आपटत असतात, आणि आपण काहीतरी मोठं करून आलो असं त्याला वाटत असतं. अशा वेळी त्याच्याकडून खरं तेवढंच काढून घ्यायचं असतं. आम्ही प्रत्येकाला वेगळं बसवून विचारायचो, एकाचं ऐकून दुसरा बोलू नये म्हणून. स्वतः पाहिलं ते सांग. ऐकलं असेल तर ऐकलं म्हण. अंदाज असेल तर अंदाज म्हण. डाव्या बाजूला गेलाच नसशील तर गेलो नाही म्हण, त्यात लाज नाही. माझ्या मते सैनिकाच्या चारित्र्याची खरी परीक्षा हल्ल्यात होते त्याहून जास्त या तासाला होते. हल्ल्यात शेजारी शंभर जण असतात, घोषणा असते, रक्त तापलेलं असतं. इथे एकटा माणूस असतो, आणि ‘पलीकडचा काठ मी पाहिला नाही’ हे वाक्य त्याला वरिष्ठाच्या तोंडावर म्हणायचं असतं. तो ते म्हणाला नाही, तर परवा रात्री त्याच काठाखाली त्याची कंपनी मरते.

आणि ऐकणाऱ्याचीही परीक्षा असते. जानेवारी १९४४ मध्ये इटलीत कॅसिनोजवळ अमेरिकेच्या ३६ व्या डिव्हिजनला रापिदो नदी ओलांडायची होती. नकाशावर ती गारी म्हणून दिसते. रुंदी किरकोळ, पण पाणी बर्फासारखं, खोल आणि वेगवान. काठ उभे, पलीकडे तारा, सुरुंग, मशीनगन. गस्तींनी हे सांगितलं होतं. रात्री साफ केलेल्या वाटांवर जर्मन पुन्हा सुरुंग पेरून जात होते. डिव्हिजनचे कमांडर मेजर जनरल फ्रेड वॉकर यांना या हल्ल्यावर विश्वास नव्हता. पण २२ जानेवारीला अँझिओला सैन्य उतरायचं होतं, जर्मनांचं लक्ष इकडे खेचणं जनरल मार्क क्लार्क यांना हवं होतं, आणि २० तारखेच्या संध्याकाळी हल्ला झाला. दोन दिवसांत मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून सोळाशेहून जास्त माणसं गेली. पलीकडे टिकाव धरता आला नाही. युद्धानंतर अमेरिकेच्या संसदेपर्यंत हे प्रकरण गेलं.

याच गारी नदीवर चार महिन्यांनी, ११ मे १९४४ च्या रात्री, आपली ८ वी भारतीय डिव्हिजन उतरली. या वेळी तयारीला पुरेसे दिवस मिळाले होते, तोफखाना मोठा होता, ऋतूही बदलला होता. तरी माणसं पडलीच. पण पूल उभे राहिले, रणगाडे पार गेले आणि काठ हातचा सुटला नाही. ३/८ पंजाबचा कमल राम हा जेमतेम एकोणीस वर्षांचा शिपाई त्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून गेला. हा फरक नुसत्या रेकीने पडला असं मी म्हणणार नाही. पण पहिल्या वेळी नदीबद्दल जे माहीत होतं ते बाजूला सारलं गेलं, दुसऱ्या वेळी त्याभोवती योजना बांधली गेली, हे पायदळातल्या कोणालाही स्पष्ट दिसतं.

त्याच डिव्हिजनमध्ये १/५ मराठा लाइट इन्फन्ट्री होती. जमालपूरला लढली ती हीच, १७६८ सालची जंगी पलटण. इटलीत या पलटणीच्या वाट्याला नद्याच नद्या आल्या. नोव्हेंबर १९४३ मध्ये सांग्रो नदीला पावसाने असा पूर आला की बांधलेले पूल पाण्याखाली गेले आणि ब्रिटिशांच्या आठव्या सेनेचे सेनापती माँटगोमेरी यांना मोठा हल्ला महिनाअखेरपर्यंत पुढे ढकलावा लागला. त्या खोऱ्यातल्या युद्धस्मशानात, ज्यांचं दहन झालं अशा पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांचं वेगळं स्मारक आहे. महाराष्ट्रातून युरोप बघायला जाणाऱ्या सहली रोमपर्यंत जातात. तिथून काही तासांवर असलेल्या सांग्रोला फारसं कोणी जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि मग सेनिओ. १९४४-४५ च्या हिवाळ्यात आठवी सेना या नदीपाशी येऊन थांबली. नदी कसली, पंधरा फुटांचा प्रवाह आणि चार-पाच फूट पाणी. पण दोन्ही बाजूंना पुराचे बांध तीस फुटांहून उंच, आणि त्या बांधांना पोखरून जर्मनांनी आत घरंच केली होती. बांधाच्या उतारावर सुरुंग. हल्ला ९ एप्रिल १९४५ ला झाला. त्या दिवशी या एकाच नदीवर दोन भारतीयांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले, एक अली हैदर आणि दुसरे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव. नामदेव कंपनीचे रनर होते, म्हणजे निरोप्या. पार जाणाऱ्या तुकडीतली जवळजवळ सगळी माणसं पडली तेव्हा एका जखमी साथीदाराला उचलून ते पाण्यातून, बांध चढून, सुरुंगांतून अलीकडे आले. दुसऱ्या जखमीसाठी पुन्हा गेले. मग एकट्याने मशीनगनची तीन ठाणी गप्प केली, बांधाच्या माथ्यावर उभं राहून शिवाजी महाराजांच्या नावाची आरोळी ठोकली आणि मागच्या कंपन्यांना हात करून पार बोलावलं. या माणसापुढे मी कायम नतमस्तक आहे. त्यांच्या पदकाच्या नोंदीत नदीची रुंदी, खोली, बांधांची उंची, सुरुंगांची जागा सगळं बारकाईने लिहिलेलं आहे. अशी मापं कोणीतरी अंगावर पाणी घेऊन आणलेली असतात. पदकाच्या नोंदीत नदी आली, मापं आणणारे आले नाहीत.

आता कोणी म्हणेल, आजच्या काळात ड्रोन आहेत, उपग्रह आहेत, पाण्यात माणूस कशाला उतरवायचा? हा प्रश्न मला आमच्या नागपुरातच जास्त विचारला जातो आणि त्याचं कारणही समजतं. नागास्त्र-१ हे ड्रोन-शस्त्र इथेच तयार होतं. सेनेने ४८० ची मागणी नोंदवली आणि पहिली खेप २०२४ मध्ये रवाना झाली. साधारण नऊ किलोचं हे शस्त्र माणूस पाठीवर नेऊ शकतो. मला त्याचा अभिमान आहे. असं साधन आमच्या वेळी असतं तर कित्येक पोरं कमी गारठली असती. पण वरून नदी दिसते ती पृष्ठभागाची. तळाशी गाळ किती, त्यात जीप जाईल का, काठाची माती दहा माणसं चढल्यावर ढासळेल का, धुकं पडल्यावर आवाज कुठपर्यंत पोचतो, हे वरून कळत नाही. पुलाची जागा ठरवण्याआधी इंजिनियरला आजही माती हातात घ्यावी लागते. आणि उत्तर भारतातल्या डिसेंबरच्या धुक्यात कॅमेऱ्याला काय दिसतं, हे तिथे नोकरी केलेल्यांना विचारा. यंत्र माणसाचा धोका कमी करतं, करावा. त्याच्या भरवशावर सैनिकाची नजर आणि सांगण्यातला प्रामाणिकपणा शिकवणं सोडलं, तर ते महागात पडेल.

मध्यंतरी माजी सैनिकांच्या दवाखान्यात रांगेत एक वृद्ध नाईक शेजारी बसले होते. गाव इकडचंच, मौद्याच्या बाजूचं. बोलता बोलता ७१ निघालं. मी विचारलं, “काकाजी, हल्ल्यात होता का तुम्ही?”

“हल्ल्यातबी होतो. पन त्याच्या आधी दोन राती पानी पाहाले गेलतो.”

“मग?”

“साहेबानं इचारलं, पानी किती? म्या म्हटलं, छातीले लागलं. साहेब म्हने, तुही उंची किती? म्या म्हटलं, पाच फूट चार.” ते हसले. “मंग साहेबानं कागदावर लिहलं, आन् म्हने, दारूगोया उंच पोट्ट्यायच्या डोक्यावर द्या.”

मी विचारलं, हे कुठे सांगितलंत का कधी? त्यांनी हात उडवला. “कोन इचारते साहेब? लोक इचारतात, किती मारले.”

पाच फूट चार इंचांच्या एका माणसाच्या छातीवर कंपनीच्या दारूगोळ्याचा हिशेब ठरला, हे मला कोणत्याही युद्धाच्या पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं. तेव्हा विशीत असलेले हे लोक आज पंच्याहत्तरीच्या घरात आहेत. ऐकू कमी येतं, गुडघे गेले आहेत, आणि अजून दहा वर्षं आपण ‘किती मारले’ एवढंच विचारत राहिलो तर हे सगळं त्यांच्याबरोबर जाईल.

पलीकडच्या बाजूचं तर आणखी राहिलं आहे. आपल्या गस्तींना वाट दाखवणारे बंगाली नावाडी, शेतकरी, मुक्तिवाहिनीची पोरं यांना आपल्या जवानांनी कोणत्या खुणेने ओळखलं, कोणत्या भाषेत विचारलं, कोणावर विश्वास ठेवला आणि का ठेवला? मराठी आणि बंगाली माणूस अंधारात एका नावेत बसले तेव्हा काय बोलले? हे अजूनही सांगू शकणारी माणसं दोन्ही देशांत आहेत. आज दोन्ही देशांच्या संबंधांत चढउतार चालू असताना ही आठवण नोंदवणं मला जास्तच गरजेचं वाटतं.

म्हणून मागणी साधी आहे. १६ डिसेंबरला विजय दिवस साजरा होतो. हार, शाल, श्रीफळ होतं, भाषणं होतात. ते होऊ द्या. पण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे माजी सैनिकांच्या नोंदी असतात, आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात इतिहासाचे विद्यार्थी आहेत. दोघांनी मिळून विदर्भातल्या १९७१ च्या पायदळ सैनिकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. त्यांच्याच बोलीत, वऱ्हाडीत, झाडीबोलीत, हिंदीत, जशा येतील तशा. सैन्याच्या गोपनीयतेची अडचण ज्या ठिकाणी येईल तिथे कामठीच्या सेंटरचा सल्ला घ्यावा; पन्नास वर्षांपूर्वीच्या नदीतलं पाणी किती होतं, यात आता लपवण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही. मुलांनी घरी जाऊन विचारायचे प्रश्नही बदलावेत. कोणत्या हाताला नदी होती, चंद्र होता का, पायात काय होतं, सोबत कोण होतं, परत किती जण आले, साहेबांना काय सांगितलं आणि काय सांगायचं राहून गेलं.

या मुलांना दोन दिवस बसवून गस्त म्हणजे काय ते शिकवायला, कन्हानच्या वाळूत नेऊन दाखवायला आम्ही काही निवृत्त मंडळी तयार आहोत. मानधन नको. विद्यापीठाने मुलं आणि रेकॉर्डर द्यावेत, आणि हा हिवाळा वाया जाऊ देऊ नये.